तार तुटली म्हणून तंबोरा टाकीत नाहीत

दिवाळी तोंडावर आली की आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरांतून आवराआवरीला ऊत येतो. माळे उघडतात, पत्र्याच्या ट्रंका खाली उतरतात, आणि आजोबांच्या वेळची तांब्याची घंगाळी चिंचेने घासून उन्हात पडतात. गेल्या दिवाळीत आमच्या घरीही हेच चालले होते. सौभाग्यवतींनी माझ्या टेबलाचा खालचा खण ओढला आणि सरळ बैठकीतल्या सतरंजीवर उपडा केला. म्हणाल्या, "अहो, हे आता तुम्हीच बघा. यातले काय चालते नि काय मेले आहे, मला काही कळत नाही."

मोजदाद केली. पाच मोबाइल, नऊ चार्जर, दोन बंद पडलेले इलेक्ट्रॉनिक तंबोरे, एक टेपरेकॉर्डर, आणि कानात घालावयाच्या तारांचा असा गुंता, की तो सोडविण्यापेक्षा एखादा अवघड तिहाई बसविणे सोपे. एवढा पसारा मी जमविला तो वीस वर्षांत. त्याच खोलीच्या कोपऱ्यात, गवसणी घातलेला, वडिलांचा मिरजेचा तंबोरा उभा होता. तो घरात आला त्याला सत्तर वर्षे झाली असतील. आज सकाळीच मी त्यावर रियाझ केला होता.

ह्या दोन गोष्टी एकाच खोलीत इतकी वर्षे शेजारी शेजारी असून त्यांची तुलना माझ्या मनात कधी आली नव्हती, याची मला त्या दिवशी लाज वाटली. पण ती तुलना पुढे येण्यास एक निराळेच निमित्त झाले.

नाना, म्हणजे माझे वडील, १९४५ साली वयाच्या अठराव्या वर्षी बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात लागले. नोकरी चार वर्षांची ठरली. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, दरबार उठला, आणि नानांनी पुढची सारी हयात शाळेत गाणे शिकविण्यात व घरच्या शिकवण्यांत काढली. माझा जन्म त्यांच्या त्रेपन्नाव्या वर्षीचा. दरबारी गवयाचा मुलगा असूनही मी अजून पन्नाशीच्या आत कसा, हे नव्या ओळखीच्या माणसांना मला नेहमी हिशेब करून सांगावे लागते.

अखेरच्या तीन वर्षांत नानांना रात्री झोप येत नसे. उशाशी बसले की ते जुन्या चिजा गुणगुणत आणि मी त्या मोबाइलवर उतरवून घेई. २०१६ साली नाना गेले. पुढच्या वर्षी तो मोबाइल बंद पडला. त्यातले गाणे दुसरीकडे उतरवून ठेवावे हे मला कळत होते. पण आज करू, उद्या करू, असे म्हणता म्हणता तो खणात गेला आणि तिथेच राहिला. मधल्या काळात बिहागातली एक बंदिश शिष्यांना शिकवावयास घेतली, तेव्हा ध्यानात आले की स्थायी मला पक्की येते, परंतु अंतऱ्याची दुसरी ओळ पार विसरून गेलो आहे. ती आता त्या खणातल्या मोबाइलातच होती. सतरंजीवर तो मोबाइल पाहिला तर त्याची पाठ चपातीसारखी फुगलेली.

प्रथम मी नव्या भागातल्या एका मोठ्या दुरुस्ती-केंद्रात गेलो. तिथला तरुण फार सभ्य होता. त्याने मोबाइल हातात घेतला, नंबर पाहिला आणि सांगितले, की हे मॉडेल बंद झाले, याचे भाग येत नाहीत. त्यापेक्षा नवा घ्या. त्याचे काही चुकले असे मी म्हणत नाही. त्याला जे सांगावयास शिकविले होते ते त्याने सांगितले. मी तसाच परत फिरलो आणि मंगळ बाजाराच्या आतल्या गल्लीत, दोन माणसे समोरासमोर बसली की भरून जाईल अशा एका दुकानात शिरलो. कारागीर विशी-बाविशीचा. त्याने मोबाइल कानाशी नेऊन हलविला, उजेडात आडवा धरला आणि म्हणाला, "काका, बॅटरी फूली गई छे. फोन मर्यो नथी."

मग तासभर मी त्याचे काम पाहत बसलो. फुगलेल्या बॅटरीत वायू साठलेला असतो. तिला टोचले किंवा वाकविले तर ती पेट घेते, हे त्याने मला बजावले. पाठीचे झाकण मंद उष्णता देऊन त्याने सैल केले, लोखंडाचे हत्यार न लावता प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने बॅटरी सोडविली आणि वाळू भरलेल्या डब्यात अलगद ठेवून दिली. त्या मापाची दुसरी बॅटरी बसविली. एकूण साडेसहाशे रुपये. मोबाइल सुरू झाला. नानांच्या आवाजाचे तेवीस तुकडे त्यात जसेच्या तसे होते.

बिहागाची चीज अकराव्या तुकड्यात निघाली. त्याच्या आरंभी मी तंबोरा छेडीत आहे, आणि नाना मला थांबवून म्हणत आहेत, "अरे, पंचम उतरलाय. आधी तो लाव, मग पुढचे." मग चीज आहे, अंतऱ्यासकट.

वाचकांनी क्षमा करावी; घरगुती गोष्टीत मी थोडा रमलो. पण त्या दिवसापासून मी ह्या यंत्रांविषयी जरा चौकशी करून वाचू लागलो आणि जे समजले ते सांगण्यासारखे आहे.

आपला सर्वांचा समज असा, की यंत्राचा जो काय भार हवापाण्यावर पडतो तो त्याने खाल्लेल्या विजेचा. म्हणून चार्जर भिंतीतून उपटला की आपले कर्तव्य संपले. मोबाइलच्या बाबतीत हा हिशेब उलटा आहे. ॲपल कंपनी आपल्या मोबाइलांचे पर्यावरण-अहवाल स्वतःच प्रसिद्ध करते. २०२० ते २०२२ या काळातल्या त्यांच्या नेहमीच्या मोबाइलांच्या अहवालांत एका यंत्राच्या संपूर्ण आयुष्याचे कार्बन उत्सर्जन साधारण ६० ते ७० किलो धरलेले आहे, आणि त्यातला सुमारे चार-पंचमांश भाग तो मोबाइल आपल्या हातात पडण्यापूर्वी, म्हणजे तयार होतानाच, होऊन गेलेला असतो. खाणीतून धातू काढणे, ते शुद्ध करणे, आणि नखाएवढ्या चिपेवर शेकडो प्रक्रिया करणे, याला अतोनात वीज, पाणी आणि रसायने लागतात. बॅटरीतल्या कोबाल्टचेच पाहा. जगात खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक एकट्या काँगो देशातून येते, आणि तिथल्या खाणकामगारांची स्थिती काय आहे हे वारंवार प्रसिद्ध झाले आहे.

आता विजेचा हिशेब करू. हल्लीच्या मोठ्या मोबाइलची बॅटरी रोज पूर्ण भरली, आणि भरताना वाया जाणारी वीजही धरली, तरी वर्षाला नऊ युनिटांच्या आसपास खर्च होतो. आपल्या देशात एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन उत्सर्जन होते. म्हणजे वर्षाचे सहा-साडेसहा किलो. तयार होतानाचे उत्सर्जन ५० किलो धरले आणि मोबाइल दोन वर्षांनी बदलला, तर वर्षाकाठी २५ अधिक ६, असा ३१ किलोंचा भार पडतो. तोच पाच वर्षे वापरला तर १० अधिक ६, म्हणजे १६. भार निम्म्यावर आला, आणि त्यासाठी आपण नवीन काही केले नाही. फक्त एक खरेदी तीन वर्षे पुढे ढकलली. चार्जर उपटण्याने, पडदा मंद करण्याने जे काही साधेल ते याच्यापुढे फार थोडे आहे.

तेव्हा प्रश्न असा उरतो, की यंत्र पाच-सात वर्षे टिकावे कसे? इथे मला कोपऱ्यातला तंबोरा आठवतो.

मिरजेचा तंबोरा सत्तर वर्षे टिकतो याचा अर्थ त्यातले सर्व काही सत्तर वर्षे टिकते असा नाही. तारा तर वर्षात दोनदा बदलाव्या लागतात. घोडी झिजते, जवारी उतरते, ती कारागिराकडून पुन्हा काढून घ्यावी लागते. खुंट्या ढिल्या होतात, मणके हरवतात. आमच्या तंबोऱ्याचा भोपळासुद्धा एकदा तडकला होता आणि नानांनी तो मिरजेला नेऊन सांधून आणला. वाद्य टिकले ते अशासाठी, की झिजणारा प्रत्येक भाग वेगळा काढता येतो, वेगळा मिळतो आणि बसविणारा माणूस हयात आहे. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपणां सर्वांना आनंद झाला. माझ्या मते त्या मानात करणाऱ्या हातांइतकाच सांधणाऱ्या हातांचाही वाटा आहे.

मोबाइलमधली बॅटरी ही तंबोऱ्याची तार आहे. ती झिजावयाचीच. साधारणपणे पाचशे वेळा पूर्ण भरली आणि रिकामी झाली, की तिची ताकद मूळच्या आठ-दशांशावर येते. माझ्या खणातला सर्वांत जुना मोबाइल २००६ सालचा, बटणांचा. त्याचे झाकण नखाने उघडते आणि बॅटरी आपोआप हातात येते. पुढे मोबाइल सडपातळ झाले, पाठी चिकटवून बंद केल्या गेल्या, आणि तार बदलणे म्हणजे तबकडी फोडणे होऊन बसले. मग बॅटरी दमली की लोक म्हणतात, मोबाइल म्हातारा झाला. असे म्हणून टाकून दिलेल्या यंत्रांत पुष्कळ वेळा फक्त पंचम उतरलेला असतो.

ही तक्रार आता सरकारदरबारीही पोहोचली आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून मोबाइलसारख्या काही वस्तूंवर, त्या दुरुस्तीला किती सोप्या आहेत याचे दहापैकी गुण छापण्याची सक्ती केली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या मोबाइलांना असा नियम लागू झाला, की ८०० वेळा भरल्यावरही बॅटरीत ८० टक्के ताकद राहिली पाहिजे आणि महत्त्वाचे सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे मिळाले पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले. दुरुस्तीची माहिती एके ठिकाणी मिळावी हा त्याचा हेतू. सक्तीचा मार्ग अजून दूर आहे. परंतु दुकानात उभे राहून "बॅटरी बदलून मिळते का, केवढ्याला, आणि किती वर्षे?" हे तीन प्रश्न विचारावयास कोणाची सक्ती लागत नाही.

इथवर कंपन्यांचे बोललो. आता आपले, विशेषतः आपल्यासारख्या जुन्या घरांचे, एक वैगुण्य सांगतो. चार पिढ्यांमागे बडोद्यास आलेली आपली मराठी घरे वस्तू जपण्याबद्दल स्वतःला मोठी शाबासकी देतात. "आमच्याकडे काही टाकीत नाहीत," हे वाक्य मी आमच्या आळीत निदान दहा घरांत ऐकले आहे, आणि स्वतःही बोललो आहे. तांब्यापितळेच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु माझ्या खणातले पाच मोबाइल मी जपले नव्हते. नुसते साठविले होते. त्यातला एक, पहिल्या दोन वर्षांत कुणा गरजू शिष्याच्या हाती गेला असता, तर त्याच्या घरची एक खरेदी वाचली असती. आठ वर्षांनी तो कोणाच्याच उपयोगाचा उरला नाही. पितळ पडून राहिले तरी पितळच राहते. बॅटरीचे यंत्र पडून राहिले तर ते मरते, आणि माझ्यासारख्याच्या बापाचा आवाज बरोबर घेऊन जाऊ शकते. अशी वस्तू जपावयाची म्हणजे चालती ठेवावयाची. आपल्याला नको असेल तर ती चालती असतानाच दुसऱ्यास द्यावयाची.

आणि जे खरोखर मेले आहे त्याचे काय? ते दारावरच्या भंगारवाल्यास किंवा सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत जाऊ नये. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. आपल्या देशात दिल्लीचे सीलमपूर, उत्तर प्रदेशातले मुरादाबाद, या ठिकाणी अशी यंत्रे उघड्यावर फोडून, तांब्यासाठी तारा जाळून, सोन्यासाठी पाट्या तेजाबात बुडवून पोट भरणारी कुटुंबे आहेत. तो धूर त्यांची मुले श्वासाबरोबर घेतात. आपण पन्नास रुपयांना भंगारात दिलेल्या मोबाइलाचा प्रवास तिथे संपू शकतो.

वस्तुतः त्यात मोल आहे. टोकिओच्या ऑलिंपिकसाठी जपानी जनतेने २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत जुनी लहान यंत्रे दिली. त्यांत सुमारे ६२ लाख मोबाइल होते. त्या साऱ्यातून ३२ किलो सोने आणि साडेतीन हजार किलो चांदी निघाली आणि स्पर्धेची सुमारे पाच हजार पदके त्याच धातूंची झाली. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांप्रमाणे विकलेल्या मालाच्या ठराविक हिश्शाइतका कचरा रीतसर पुनर्वापरास पाठविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि नोंदणी झालेल्या पुनर्वापर-केंद्रांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर आहे. देण्यापूर्वी आतली माहिती मात्र आठवणीने दुसरीकडे उतरवून मग पुसावी. फुगलेली बॅटरी असेल तर तसे आधी सांगावे.

गाणे शिकणाऱ्यांसाठी दोन शब्द. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला, आणि एकट्याने रियाझ करणाऱ्यांची मोठी सोय झाली. त्याची टवाळी मी करणार नाही. मीच दोन घेतले. परंतु त्या दोन्हींतला दोष दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटांत काढला: एकाची चार्जरची खाच सैल झाली होती, दुसऱ्याचे बटण गंजले होते. आता तिसरा घेण्याचे कारण उरले नाही. मोबाइलवर तंबोरा लावून रियाझ करणाऱ्यांनी पडदा बंद ठेवावा. उस्तादांची एखादी चीज रोज ऐकावयाची तर दर वेळी चित्रासकट मागविण्यापेक्षा एकदा उतरवून घ्यावी. विजेची बचत यात थोडी आहे, पण बॅटरी कमी झिजते. बॅटरीला सर्वांत मारक काय, तर उष्णता. वैशाखातल्या उन्हात गाडीच्या खिडकीशी किंवा उशीखाली चार्ज करीत ठेवू नये. ती २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये फिरती राहिली तर अधिक वर्षे जगते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मोबाइल कितीही जपला तरी कंपनीकडून त्याला सुरक्षिततेच्या सुधारणा मिळणे एक दिवस थांबते, आणि अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे. तेव्हा कधी तरी नवा घ्यावाच लागतो. मी घेताना किती वर्षे सुधारणा मिळतील हे विचारून घेतला, आणि जुना तंबोऱ्याच्या कामास लावला. त्यात आता बँक नाही. केवळ चार सूर आहेत.

त्या आठवड्यात माझ्या वर्गातली बारावीची एक मुलगी म्हणाली, "सर, मोबाइल दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही. बाबा म्हणतात, परीक्षेनंतर नवा घेऊ." मी तिला मंगळ बाजारातली गल्ली सांगितली. पुढच्या सोमवारी ती आली ती हसतच. बॅटरी बदलली होती. मोबाइल तोच होता. तिने विचारले, वाचलेल्या पैशांत तंबोऱ्याला नवी गवसणी आणि तारांचा एक संच येईल का? मी म्हटले, येऊन वर उरतील.

बिहागाचा अंतरा आता वर्गातल्या सात जणांना येतो. नानांचे तेवीसही तुकडे मी तीन ठिकाणी उतरवून ठेवले आहेत. हे काम अर्ध्या तासाचे होते, आणि त्याला मी आठ वर्षे लावली. वाचकहो, आपल्या टेबलाचाही एखादा खण असेल. दिवाळीची वाट न पाहता येत्या रविवारी तो उघडा. जे चालेल ते चालवा, जे दुसऱ्याला चालेल ते देऊन टाका, आणि जे खरेच मेले असेल त्याला योग्य ठिकाणी पोहोचवा. त्याआधी मात्र त्यात कोणाचा आवाज अडकलेला नाही ना, तेवढे पाहा.